आठ महिने एका पेडलवर

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची टीम फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी छोटी रेसिंग कार बनवते आहे, त्यात ती आहे. पण आठ महिने झाले, तिच्याकडे काम एकच : ब्रेकचं पेडल. रात्री बारा-बारापर्यंत वर्कशॉपमध्ये असते. सीजीपीए ८.४ वरून ७.३ वर आला. एका पेडलनं कसलं करिअर होणार? टीम सोड म्हणून सांगू का?
– एक वडील

उत्तर : नका सांगू. मार्कांची तुमची काळजी खरी आहे, त्यावर बोलूच. पण त्या पेडलवर काय काय अवलंबून आहे, ते आधी ऐका.

स्पर्धेचा नियम सांगतो की ब्रेक पेडलनं २००० न्यूटन बल सोसलं पाहिजे. म्हणजे साधारण दोनशे किलोंचा भार. तपासणीच्या वेळी एखादा अधिकारी स्वतः सीटवर बसून, अंगातली सगळी ताकद लावून ते दाबू शकतो. वाकलं किंवा मोडलं की संपलं. मग वाटेल तेवढं जाड का करू नये? कारण या गाडीत प्रत्येक ग्रॅमचा हिशोब असतो. कुठलं मटेरियल काढून टाकायचं आणि कुठलं ठेवायचं, हे ठरवण्यात महिने जातात. शिवाय पेडलची लांबी ठरवताना ड्रायव्हरच्या पायाचा जोर मास्टर सिलिंडरपर्यंत, म्हणजे त्या जोराचं ब्रेक ऑइलच्या दाबात रूपांतर करणाऱ्या भागापर्यंत, किती पटीनं पोचेल हे बघावं लागतं, आणि तो पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये कसा वाटायचा तेही. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे निम्मं-निम्मं करून चालत नाही.

त्यानंतर ब्रेक टेस्ट. गाडी पळवायची, ब्रेक दाबायचा, चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, म्हणजे फिरायची पूर्ण थांबली पाहिजेत. पुढची लॉक झाली आणि मागची फिरत राहिली, तर नापास. ही टेस्ट पार केल्याशिवाय गाडी ट्रॅकवर उतरत नाही. फॉर्म्युला स्टुडंटची मूळ स्पर्धा म्हणजे १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेली फॉर्म्युला एसएई. तिच्यात आज १००० पैकी ६७५ गुण ट्रॅकवरचे असतात. एवढ्या गुणांचं दार तुमच्या मुलीच्या पेडलनं उघडायचं आहे. तिला रात्री घरी यावंसं का वाटत नाही, ते यावरून लक्षात येईल.

नोकरीच्या मुलाखतीत ‘मी टीममध्ये होते’ या वाक्याला फारशी किंमत नसते. मुलाखत घेणारा विचारतो, ‘यात तुझं काय?’ स्पर्धेतल्या डिझाइन इव्हेंटमधले, म्हणजे गाडीच्या रचनेवर प्रश्न विचारणाऱ्या फेरीतले, परीक्षकही हेच खणत बसतात : हाच आकार का, हेच मटेरियल का, मोजून पाहिलंस का? ‘सीनियर्सनी गेल्या वर्षी असंच केलं होतं’ म्हटलं की गुण गेले. एकच भाग कागदावरच्या रेघेपासून चाचणीपर्यंत स्वतः नेलेल्या मुलीला या प्रश्नांची भीती वाटत नाही. दहा कामांना हात लावून एकही पूर्ण न केलेल्या मुलांची मला जास्त चिंता वाटते.

आता मार्क. ७.३ वाईट नाही, पण घसरण इथे थांबायलाच हवी. बऱ्याच कंपन्या मुलाखतीआधी गुणांची चाळणी लावतात आणि त्या चाळणीला पेडल दिसत नाही. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे वर्कशॉप बंद, हे तिनं टीम लीडरला आत्ताच सांगावं. ड्रॉइंग आणि हिशोब नीट लिहून ठेवले, तर तेवढे दिवस दुसरं कुणी काम पुढे नेईल. पुढच्या वर्षी कॅप्टनपद देऊ केलं, तर मार्क सावरले असतील तरच घ्यावं.

एका बाबतीत मात्र कडक व्हा. जागरण करून ग्राइंडरवर किंवा मशीनवर काम करायचं नाही. डुलकीच्या एका क्षणात बोट जातं.

आणि एकदा वेळ काढून वर्कशॉपमध्ये जा. आधी बनवलेलं, चाचणीत मोडलेलं एखादं पेडल असेल तर दाखवायला सांगा. ते नेमकं कुठून मोडलं आणि पुढच्या वेळी तिनं काय बदललं, एवढंच विचारा. ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.