सैन्याच्या ट्रेनिंगमध्ये धावताना नडगी दुखते, धावण्याची पद्धत बदलून फरक पडेल का?

हो, पडतो, विशेषतः धावताना नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू दगडासारखा ताठरून थांबल्यावर थोड्या वेळात सैल पडत असेल तर. टाच लांब पुढे टाकली की पंजा वर धरणाऱ्या याच स्नायूवर ताण येतो. म्हणून पावलं छोटी टाका, मिनिटाला ५ ते १० टक्के जास्त, आणि पाऊल पुढे नव्हे, कमरेच्या खाली पडू द्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच त्रासासाठी शस्त्रक्रिया सुचवलेल्या १० रुग्णांनी सहा आठवडे पंजावर धावण्याचा सराव केला; स्नायूतला दाब घटला आणि शस्त्रक्रिया टळली. बदल हळूहळू करा, नाहीतर पोटरी धरते. मात्र हाडावर एकाच जागी बोट दाबताच कळ येत असेल, तर धावणं थांबवा आणि आधी स्ट्रेस फ्रॅक्चरची (सततच्या ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेची) तपासणी करून घ्या.