बर्फाच्या दिवसांत १४ फुटी ट्रॅम्पोलिन: काय काढायचं, काय बाहेर ठेवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ फुटी गोल ट्रॅम्पोलिन आहे, हिवाळ्यात फूटभर बर्फ साचतो, शेडमध्ये सगळं मावणार नाही, तर वरून ताडपत्री बांधून भागेल का? नाही भागणार. ताडपत्रीने पालापाचोळा आणि ऊन अडतं, वजन अडत नाही. आणि बर्फाच्या दिवसांत मुख्य नुकसान वजनानेच होतं.

हिशोब करून बघा. १४ फुटी फ्रेममध्ये मॅटचा, म्हणजे उडी मारायच्या कापडाचा, व्यास साधारण ३.७ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास ११ चौरस मीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आतबाहेर भरतो. तो ३० सेंटीमीटर साचला तर मॅटवर ३०० किलोंहून जास्त वजन आलं. तेवढाच थर ओला आणि दबलेला असेल तर वजन टनाजवळ जातं. उडी मारणाऱ्याचा भार क्षणात येतो आणि जातो. हा भार दिवसेंदिवस तसाच बसून राहतो. स्प्रिंगा कायमच्या लांबतात, मॅटच्या कडेच्या कड्यांची शिवण उसवते, आणि फार झालं तर फ्रेमचा गोल आत ओढला जाऊन वाकडा होतो. स्प्रिंगा बदलता येतात. वाकलेली फ्रेम मात्र नीट सरळ होत नाही.

म्हणून भोवतीची सुरक्षा जाळी आणि स्प्रिंगांवरचे पॅड काढायचेच, बर्फ कमी पडो की जास्त. ओला बर्फ जाळीच्या भोकांत गोठला की जाळीचं शीड होतं, वारा अडतो आणि खांब वाकतात. पॅड थंडी कडक व्हायच्या आत काढा. वरचं प्लॅस्टिक गारठ्यात ताठर होतं आणि घडीवर तडकतं. आतला फोम ओला राहिला असेल तर पॅड उभं टेकवून पाणी निथळू द्या. त्याला दोन-तीन दिवस सहज लागतात.

तुमच्याकडे फूटभर बर्फ पडतो, म्हणजे मॅट आणि स्प्रिंगाही काढा. १४ फुटीला सहसा ७२ ते ९६ स्प्रिंगा असतात. दोघांनी मिळून केलं तर फार वेळ जात नाही. ट्रॅम्पोलिनबरोबर मिळालेला टी आकाराचा हूक वापरा. पक्कड घसरते, आणि सुटलेली स्प्रिंग थेट तोंडावर येते. जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. स्प्रिंग कोणत्या बाजूने अडकवली आहे याचा आधी एक फोटो काढून ठेवा. मग घड्याळाच्या १२, ६, ३, ९ या जागांवरची एकेक काढा, नंतर त्यांच्या मधली, असं समोरासमोर करत जा. एकाच बाजूच्या ओळीने काढत गेलात तर उरलेल्या स्प्रिंगा मॅटला एकीकडे ओढतात आणि फ्रेमचे जोड पिळले जातात.

मॅट कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवा. ब्लीच नको, प्रेशर वॉशर तर मुळीच नको. त्याच्या झोताने विणीचे धागे सुटतात. धुतल्यावर पूर्ण वाळवा. शिवणपट्टीच्या आत ओल राहते, ती हाताने चाचपून बघा, कारण वरून मॅट कोरडी दिसत असली तरी बुरशी तिथूनच सुरू होते. घडी न घालता गुंडाळी करा. उंदरांचा त्रास असेल तर झाकणाचा कडक डबा वापरा. फोम आणि जाळी त्यांना घरट्यासाठी फार आवडते, साधी पिशवी पुरत नाही. स्प्रिंगा पुसून, तेलाचा हलका हात देऊन झाकणाच्या बादलीत ठेवा. त्याच वेळी निवड करा: मोकळ्या स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये फट दिसत असेल तर ती लांबली आहे, बाजूला काढा.

फ्रेम बाहेर राहिली तरी चालते. गंज आधी वेल्डिंगच्या जागी आणि पाइप एकमेकांत घुसतात तिथे धरतो. तिथला गंज तारेच्या ब्रशने खरवडा आणि जस्त असलेला प्रायमर लावा. खांब काढल्यावर उघडी पडलेली नळ्यांची तोंडं टोपीने बंद करा आणि पायांच्या खालच्या बाजूला पाणी जायची भोकं असतील तर ती तारेने मोकळी करा. नळीत साचलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप उभा फाटतो.

काहीजण फ्रेम उलटी करून ठेवतात किंवा भिंतीला टेकवून उभी करतात. दोन्ही नको. वाऱ्याचं तोंड कधी फिरेल सांगता येत नाही. पायांवरच ठेवा आणि किमान चार ठिकाणी खुंट्या ठोका, त्याही जमीन गोठायच्या आत. जमीन गोठते-वितळते तशी माती फुगते आणि खुंट्या वर सरकतात. म्हणून बर्फ वितळला की त्या एकदा हलवून बघा.

समजा यंदा मॅट काढणं जमलंच नाही. मग बर्फ थोडा पडला की लगेच झाडायचा, मऊ प्लॅस्टिकच्या झाडूने, कडेला जमिनीवर उभं राहून किंवा शिडीवरून. मॅटवर चढून नाही. फावडं लावलं तर मॅट कापली जाते. तळाशी कडक थर चिकटला असेल तर फोडू नका, आपोआप सुटू द्या. मीठ टाकू नका, स्प्रिंगांवरचं जस्त त्याने जातं. आच्छादन घालायचं असेल तर मध्यभागी निचऱ्याची भोकं असलेलंच घ्या. सलग ताडपत्रीवर ५ सेंटीमीटर पाणी साचलं तर चौरस मीटरला ५० किलो भार येतो, शिवाय ते गोठलं की काढताही येत नाही.

पुन्हा जोडताना क्रम काढतानासारखाच, समोरासमोर. एका टोकापासून गोल फिरत गेलात तर शेवटच्या पंधरा-वीस स्प्रिंगा फ्रेमपर्यंत पोचणारच नाहीत. नव्या स्प्रिंगा घ्याव्या लागल्या तर जुन्या, न ताणलेल्या स्प्रिंगेची लांबी एका हुकाच्या टोकापासून दुसऱ्या हुकाच्या टोकापर्यंत मोजून घ्या. आणि नव्या सगळ्या एकाच बाजूला लावू नका, गोलभर वाटून लावा, नाहीतर उडी मारणारा दर वेळी एकीकडे फेकला जातो.