विचारा तर खरं : पिस्टनची रायफल आणि काजळीचा हिशेब

या महिन्याच्या टपालात ‘पिस्टन’ हा एकच शब्द चार ठिकाणांहून आला, आणि तोही दोन वेगळ्या अर्थांनी. भुसावळच्या पत्रातला पिस्टन आणि पारोळ्याच्या पत्रातला पिस्टन यांचा नात्यागोत्याचाही संबंध नाही. म्हणून सगळी उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : परदेशातले रायफलमालक छातीठोकपणे सांगतात, ‘अर्धस्वयंचलित रायफल घ्यायची तर पिस्टनवालीच घ्या, ती घाणच होत नाही.’ हे खरं का? – नेमबाजी शिकणारा विद्यार्थी, जळगाव

घाण होते. फक्त तिची जागा बदलते.

गोळी सुटली की नळीतल्या एका बारीक छिद्रातून थोडा वायू बाजूला काढला जातो आणि त्याच्या जोरावर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, मागे येतो आणि पुढची गोळी आपोआप भरली जाते. एआर-१५ या अमेरिकन रायफलीच्या मूळ रचनेत हा तापलेला, काजळीने भरलेला वायू एका पातळ नळीतून थेट बोल्ट कॅरियरच्या, म्हणजे बोल्टला धरून मागेपुढे नेणाऱ्या भागाच्या, पोटात सोडतात. म्हणजे ज्या भागाला तेल हवं, तिथेच उष्णता आणि राख. पिस्टनच्या रचनेत वायू पुढेच, नळीच्या अंगावरच्या सिलिंडरमध्ये पिस्टनला धक्का देतो आणि उरलेला तिथूनच बाहेर पडतो. बोल्ट त्यामानाने थंड आणि कोरडा राहतो. मालकांची स्तुती इथपर्यंत रास्त आहे.

पण तीच काजळी आता पिस्टनच्या डोक्यावर आणि सिलिंडरच्या आत दगडासारखी बसते. शिवाय झाडलेल्या काडतुसाचा रिकामा खोका चेंबरमधून, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेतून, निघताना थोडा धूर मागे येतोच, रचना कोणतीही असो. त्यामुळे बोल्ट पुसावा लागत नाही असं मुळीच नाही.

पिस्टनमध्येही दोन घराणी. एके-४७ च्या मालिकेत आणि आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीत पिस्टन कॅरियरलाच जोडलेला असतो आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर मागे जातो. हलणारं वजन जास्त, म्हणून धुळीतही रेटून काम करते. पण दर गोळीला रायफल हातात जास्त उसळते. दुसऱ्या घराण्यात पिस्टन थोडंच अंतर धावतो, कॅरियरला टोला देतो आणि स्प्रिंगने जागेवर परततो. आपल्या लष्कराची जुनी एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) अशी आहे.

मालकांच्या तक्रारी बहुतेक तिसऱ्याच प्रकाराबद्दल असतात : एआरच्या सांगाड्यात मागाहून बसवलेला पिस्टन. हा टोला कॅरियरच्या वरच्या कडेला बसतो, मध्यरेषेवर नाही. त्यामुळे कॅरियरचं शेपूट खाली झुकतं आणि मागच्या बफर ट्यूबची, म्हणजे तो मागे सरकतो त्या दस्त्यातल्या नळीची, खालची कड घासू लागतं. वापरलेली रायफल पाहताना ट्यूबच्या तोंडाशी खालच्या बाजूला चमकदार ओरखडा किंवा खाच दिसते का, ते आधी बघतात. कॅरियरचा मागचा भाग खालून रुंद केलेला असेल तर हे बरंच आटोक्यात येतं. दुसरी अडचण सुट्या भागांची. एआरची साधी गॅस ट्यूब कुठल्याही कंपनीची चालून जाते. पिस्टनचे भाग ज्याचे त्यालाच लागतात. आणि रायफलचं तोंड जड होतं, ते उभ्याने नेम धरताना मनगटाला कळतं.

आमचं मत विचाराल तर नळी आखूड असेल किंवा साफसफाईला सवड नसेल तर पिस्टन. कागदी लक्ष्यावर शांतपणे नेम साधायचा तर साधी गॅस ट्यूबच बरी. हलणारं वजन कमी, उसळी कमी.

प्रश्न : आमच्या वेळी एसएलआर होती. कधी कधी दर गोळीला हाताने कॉक करावी लागे आणि उस्ताद म्हणत, ‘गॅस वाढव.’ नेमकं बिघडायचं काय? – माजी सैनिक, पारोळा

उस्ताद बरोबर, पण गॅसला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली गॅस प्लग, म्हणजे सिलिंडरच्या पुढच्या टोकाचं बूच. या रायफलीतून ग्रेनेड फेकायची सोय होती. त्यासाठी प्लग फिरवला की वायू पिस्टनकडे जाणं पूर्ण बंद होतं. साफसफाईनंतर प्लग चुकून तसाच बसला, की रायफल दर गोळीला हाताने चालवावी लागते आणि वायू कमीजास्त करणारा रेग्युलेटर कितीही फिरवा, फरक पडत नाही. निम्मी कोडी इथेच सुटतात. दुसरी गोष्ट पिस्टन. रॉड बाहेर काढून सपाट फरशीवर लोळवावा. वाकला असेल तर उड्या मारतो. स्प्रिंगशिवाय तो सिलिंडरमध्ये स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे.

मग रेग्युलेटर. त्याचं तत्त्व उलटं आहे आणि घोटाळा तिथेच होतो. छिद्र जितकं उघडं, तितका वायू बाहेर वाया जातो आणि पिस्टनला कमी मिळतो. म्हणून सुरुवात पूर्ण उघड्यावरून करतात. एकेक गोळी झाडायची, दर वेळी रेग्युलेटर एक खाच बंद करायचा. खोका नीट बाहेर पडून बोल्ट पूर्ण मागे जाऊ लागला, की आणखी दोन खाचा बंद करून थांबायचं. त्या दोन खाचा धूळ आणि काजळीसाठी राखीव. वायू कमी पडला तर खोका बोल्टच्या तोंडात अडकतो. जास्त झाला तर खोके फार लांब उडतात, त्यांची कड फाटते आणि आतले भाग हातोड्यासारखे आपटून झिजतात. ‘द्या अजून गॅस’ हा रायफल अडकली की दर वेळचा इलाज नव्हे.

पिस्टनला आणि सिलिंडरला तेल देऊ नये. तेल तिथे जळून डांबर होतं. कोरड्या चिंदीने पुसायचं. तेल बोल्ट आणि त्याच्या खाचांना.

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याशी मका आणि केळी आहे. रानडुकरांसाठी अशी अर्धस्वयंचलित रायफल मिळेल का? – शेतकरी, यावल तालुका

नाही, दादा. अर्धस्वयंचलित रायफल निर्बंधित गटात येते. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या साध्या परवान्यावर ती मिळत नाही. ७.६२ मिमीचं लष्करी काडतूसही सामान्य परवान्यात बसत नाही. दुसरं म्हणजे रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं. परवान्याची बंदूक असली तरी वनविभागाच्या परवानगीशिवाय रानडुकरावर ती चालवता येत नाही. नुकसान दिसल्याबरोबर वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या. आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीने डुक्कर मरत नाही, चवताळतं.

प्रश्न : ‘गॅस पिस्टन’ छापलेली छऱ्याची बंदूक घेतली. उन्हाळ्यात निशाणा सरकतो आणि मधूनच नळीतून धूर येतो. – वाचक, भुसावळ

हा दुसरा पिस्टन. इथे बारुदाचा वायू नाही. साध्या छऱ्याच्या बंदुकीत पोलादी स्प्रिंग पिस्टन ढकलते आणि हवा दाबली जाते. तुमच्या बंदुकीत स्प्रिंगच्या जागी नायट्रोजन भरलेली बंद नळी आहे. स्प्रिंगसारखी ती पिळत नाही, दाबून ढिली पडत नाही, हे तिचे फायदे. पण बंद नळीतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १५ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४५, एवढ्या फरकाने दाब सुमारे १० टक्के चढतो. नळी खाली वाकवून बंदूक लोड करताना हाताला ते कळतंही. निशाणा ज्या वेळी सराव करता त्याच वेळी लावा, आणि बंदूक उन्हातल्या गाडीत ठेवू नका. तरीही सरकत असेल तर दस्त्याचे स्क्रू बघा. ते वापराने सैल होतात.

धूर तेलाचा आहे. दाबलेली हवा इतकी तापते की शिलाई मशीनचं किंवा गाडीचं तेल आत पेटतं. आवाज मोठा येतो, छर्रा जोरात जातो, मालक खूश होतो आणि पिस्टनचं सील जळतं. हवेच्या कक्षात फक्त सिलिकॉन तेल, तेही एखादा थेंब, तेही क्वचित. छर्रा न घालता ट्रिगर ओढू नका. समोर हवेची गादी नसल्याने पिस्टन थेट आपटतो. जोर कमी वाटला तर नळीच्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी धरून एक छर्रा झाडा. पट्टी उडाली तर सांध्याचं वॉशर बदला, काम स्वस्तात होतं.

आणि जोर ‘वाढवून देणाऱ्या’ मेकॅनिकपासून लांब राहा. विनापरवाना बंदुकीची मर्यादा ०.१७७ इंच बोअर आणि २० ज्यूल आहे. ८ ग्रेनचा, म्हणजे सुमारे ०.५२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७७ मीटरवर गेला की २० ज्यूल भरतात. त्यापुढे ती बंदूक परवान्याची होते.