१८५० च्या इंग्लंडमधल्या भयकथेत भूत केव्हा दाखवावं?

तुमची नायिका विवाहित, एकाकी वाड्यात राहणारी. आणि भूत कितव्या प्रकरणात आणावं असं तुम्ही विचारलंय. प्रकरण कितवं का असेना, ही बाई घर सोडून जात का नाही ते आधी ठरवा. धुकं आणि करकरणारा जिना एवढ्यावर बाई घरात अडकत नाही.

ती अडकते कायद्यात. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ चे. त्याआधी तिचा रोख पैसा आणि दागिने, विश्वस्तांकडे बांधून ठेवलेले नसतील तर, लग्न होताच नवऱ्याचे. शिवाय १८४५ च्या कायद्याने तिला खाजगी वेड्यांच्या इस्पितळात घालायला नवऱ्याची सही आणि दोन डॉक्टरांचे दाखले पुरत. दोघांनी तिला वेगवेगळं तपासायचं आणि वेड कशावरून ठरवलं ते दाखल्यात नोंदवायचं.

म्हणजे दुसरा डॉक्टर नवऱ्याचा स्नेही म्हणून चहाला येतो. झोप लागते का, असं मायेनं विचारतो. ती खरं सांगते: रात्री वरच्या मजल्यावर कोणीतरी चालतं. तेच वाक्य दाखल्यावर चढतं. भूत या दोन भेटींच्या मधे आणा. आधी आणलंत तर पहिल्याच डॉक्टरला ती सगळं सांगून मोकळी होईल. नंतर आणलंत तर तिच्या खरं बोलण्याला काही किंमतच मोजावी लागणार नाही.

भुताचा प्रसंग उजेडावर बेता. चरबीच्या मेणबत्तीची वात सारखी कात्रीने खुडावी लागे, नाहीतर काजळी धरून ज्योत मंदावायची. ती वात खुडायला वाकते, नजर ज्योतीवर, डोळे दिपलेले. मान वर केल्यावर क्षणभर तिला अंधारच दिसणार. दार उघडलेलं तिला त्यानंतर दिसू दे.

आणि शेवटी "सगळे तिच्या मनाचे खेळ" असं कृपा करून लिहू नका. मग तो दाखला खरा ठरतो आणि लेखक तिसरा डॉक्टर होतो. याला सूक्ष्म मानसशास्त्र म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. एक खूण तरी दुसऱ्या कोणाला दिसू द्या: मोलकरीण जिन्यावरची ओली पावलं मुकाट्यानं पुसते, एवढंही पुरे.

एक राहिलं. कथा १८९० नंतर नेलीत तर तिला इस्पितळात घालायला दंडाधिकाऱ्याचा हुकूमही लागेल. नायिका विधवा केलीत तर मालमत्तेचा हा पेच सुटतो. मग मुलांचं पालकत्व धरा. १८८६ पर्यंत बाप मृत्युपत्रात दुसराच पालक नेमून आईला बाजूला सारू शकत होता.