कीफर, ब्यूटनर, बिंडर: एकाच धंद्याची इतकी जर्मन आडनावं का?

प्रश्न असा आहे: शब्दकोशात 'कीफर' म्हणजे पाइनचं झाड किंवा जबडा, मग हे पिंपं बनवणाऱ्यांचं आडनाव कसं?

ते दोन्ही अर्थ बाजूला ठेवा. हे आडनाव बहुतेक वेळा 'क्यूफर'चं बोलीरूप असतं. नैर्ऋत्य जर्मनीच्या बोलींत 'यू'चा (ü) 'ई' होतो, म्हणून क्यूफरचा कीफर झाला. मूळ लॅटिन 'कूपा', म्हणजे लाकडी पिंप. इंग्रजीतला कूपर आणि डच कायपर (याच आडनावाच्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने सूर्यमालेतला कायपर पट्टा ओळखला जातो) त्याच मुळाचे. जर्मन आडनावाचा अर्थ आजच्या शब्दकोशात शोधला की बऱ्याचदा फसगत होते. आधी बोली बघायची.

या धंद्याची नावं दोन वाटांनी पडली. एक वाट भांड्याची: 'बॉटिख' बनवणारा तो ब्योट्शर, 'ब्यूट' बनवणारा ब्यूटनर, 'शाफ'चा शेफलर, 'क्यूबल'चा क्यूबलर. दुसरी वाट कृतीची: 'बिंडन' म्हणजे बांधणं, त्यावरून बिंडर, फासबिंडर, बेंडर.

पण लाकूड 'बांधायचं' कशाला? पिंपात खिळा नसतो, डिंक नसतो. ओकचं खोड करवतीने कापण्याऐवजी लाकडाच्या रेषेत फाडतात; आडव्या कापल्या गेलेल्या रेषांतून दारू झिरपते. फळ्या उघड्यावर रचून दोन-तीन वर्षं वाळवतात. मग प्रत्येक फळी मध्ये रुंद, टोकांना निमुळती करून कडा तिरप्या तासायच्या. हा तिरपेपणा जरा चुकला तरी सांधा उघडा राहतो. फळ्या कड्यात गोल उभ्या करून आत शेकोटी पेटवतात, बाहेरून पाणी मारतात आणि लाकूड नरम पडलं की दुसरं टोक आवळतात. झाकणाची चकती बसायला दोन्ही टोकांना आतून खाच पाडतात. सगळा डोलारा कड्यांवर उभा, आणि ही कडी पूर्वी विलो किंवा हेझलच्या चिरलेल्या फांद्यांची, खरोखर बांधलेली असत. (आपल्याकडे मडकी, तांब्या-पितळेची भांडी, तेलाला कातडी बुधले. 'पिंप' हा शब्दही पोर्तुगीज 'पिपा'वरून आला.)

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की नाव धंद्याबरोबर प्रदेशही सांगतं. ब्योट्शर उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा. त्याचं लो जर्मन (उत्तर जर्मनीतल्या बोलीतलं) रूप ब्योडेकर, लोअर सॅक्सनी-वेस्टफालियातलं. ब्यूटनर फ्रँकोनिया-थुरिंगियाचा. कीफर-क्यूफर ऱ्हाइनकाठच्या द्राक्षमळ्यांच्या पट्ट्यातले, बेंडर हेसन आणि मध्य-ऱ्हाइनचा, फासबेंडर कोलोनच्या बाजूचा. बिंडर ऑस्ट्रियात आणि दक्षिणेत. शेफलर बव्हेरियाचा, म्युनिकमध्ये दर 7 वर्षांनी होणारा शेफलरांचा नाच यांचाच. तेव्हा हेसनमधल्या घराण्यात अचानक ब्योडेकर सापडला, तर तो उत्तरेकडून आला असावा, असं धरून पूर्वजांचा शोध सुरू करा.

आता पूर्वज शोधताना लागणाऱ्या जुन्या नोंदींबद्दल. जर्मन साम्राज्यात सरकारी जन्ममृत्यू नोंदणी 1876 पासून सर्वत्र लागू झाली आणि नावाचं लेखन हळूहळू पक्कं झालं. त्याआधी पाद्री कानाला येईल तसं लिहीत. म्हणून एकच माणूस लग्नाच्या नोंदीत क्यूफर आणि मुलाच्या बाप्तिस्म्यात कीफर निघाला तर गोंधळू नका. बायकांच्या आडनावाला 'इन' जोडत: ब्यूटनरिन म्हणजे ब्यूटनर घराण्यातली बाई, वेगळं घराणं नव्हे. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत 'ई' (e) आणि 'एन' (n) ही अक्षरं जवळजवळ सारखी दिसतात, आणि साध्या 'यू'वर (u) ओळखीसाठी छोटी वक्र रेघ असते. तिला दोन टिंबं समजून ü वाचलं की आडनावच बदलतं. शंका आली तर त्याच पाद्र्याने त्याच पानावर लिहिलेला 'उंड' (आणि) हा शब्द शोधून त्यातली रेघ ताडून बघा.

आडनावावरून त्या माणसाचा धंदा मात्र ठरवू नका. बहुतेक शहरांत 15व्या शतकापर्यंत आडनावं वंशपरंपरेने चालू लागली होती, त्यामुळे 1700 चा बेंडर लोहारही असू शकतो. बापाचा धंदा नोंदीत बऱ्याचदा स्वतंत्रपणे दिलेला असतो, तो वाचा. आणि 'शेफर' दिसला की थांबा: त्याचा अर्थ बहुधा मेंढपाळ. शेफलरमधला 'ल' नोंदीत स्पष्ट दिसत असेल तरच पिंपांकडे वळा.