रुजू होण्याआधीच सांग

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. सोलापुरात सहा वर्षं स्टाफ नर्स, आता इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलात नेमणूक, सोबत नवरा आणि दुसरीतली लेक. पगार, घरभाडं, थंडी यातलं तू काहीच विचारलं नाहीस. विचारलंस ते एवढंच : "मावशी, तिकडे सगळं बदललंय म्हणतात. गर्भपात, समलिंगी लग्नं, देवाचं नाव काढलं तरी नोकरीवर गदा. विश्वास राखून जगता येतं का?"

येतं. एकोणीस वर्षं जगतेय. कसं, ते सांगायचं तर सोलापूरपासूनच सुरुवात करावी लागेल.

आम्ही पूर्व भागात राहायचो. आजूबाजूला सगळी पद्मशाली विणकरांची घरं, दिवसभर मागांचा खडखडाट. अख्ख्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. राहायला गेलो त्या पहिल्याच वर्षी, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, संक्रांतीला शेजारच्या अक्का नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. बाबांनी दारातच हात जोडले. "अक्का, देवापुढे ठेवलेलं आम्ही खात नाही. तुमच्या हातचं बाकी सगळं खाऊ." माझ्या पोटात गोळा आला. अक्का काही न बोलता ताट घेऊन परत गेल्या. पुढच्या संक्रांतीला त्या भल्या सकाळी आल्या, पूजा व्हायच्या आधी. फडक्याखाली शेंगापोळ्या, अजून गरम. "हे आधीच काढून ठेवलंय," म्हणाल्या. माझं लग्न होईपर्यंत दर संक्रांतीला आमचं ताट आधी निघायचं.

बाबांनी अक्कांच्या देवाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आपल्याला काय जमणार नाही तेवढंच सांगितलं, आणि तेही ताट हातात घेण्याआधी. इकडे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच.

गर्भपाताचंच घे. इकडचा कायदा १९६७ चा. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय की ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, त्याच्यावर या उपचारात भाग घ्यायची सक्ती नाही. मात्र बाईचा जीव वाचवायचा असेल किंवा तिच्या प्रकृतीला होणारी गंभीर, कायमची इजा टाळायची असेल, तर ही सूट लागू नाही. सूट किती, यावर ग्लासगोच्या दोन सुईणींचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. २०१४ मध्ये निकाल लागला : सूट फक्त प्रत्यक्ष हातानं करायच्या कामापुरती, दुसऱ्यांवर देखरेख करणं किंवा ड्यूट्या लावणं त्यात येत नाही. नर्सिंग कौन्सिलचा नियमही नीट वाचून ठेव. मॅनेजरला, सहकाऱ्यांना आणि पेशंटला सांगायचं, आणि दुसरी योग्य नर्स मिळेल अशी व्यवस्था करायची.

मी रुजू होण्याआधीच वॉर्ड मॅनेजरला सांगितलं. दोन वाक्यं. तिनं लिहून घेतलं, विषय संपला. माझ्याबरोबरची एक मुलगी मात्र थेट थिएटरच्या दारात बोलली, पेशंट टेबलावर असताना. तिचा विश्वास खरा होता, पण टेबलावरची ती बाई घाबरून हुंदके द्यायला लागली. त्या मुलीची चूकच झाली असं मला आजही वाटतं. आणि त्याच बाईला रात्री पाणी देणं, चादर बदलणं, ती रडली तर खुर्ची ओढून शेजारी बसणं, यातून मला कधीच सूट नको होती. तू तरी ती मागू नकोस. तसंही आपल्याकडे १९७१ पासून असा कायदा आहेच, आणि सोलापुरातही अशा बाया तुझ्या वॉर्डात आल्याच असतील.

समलिंगी जोडप्यांना इंग्लंडमध्ये मार्च २०१४ पासून लग्न करता येतं. माझा विश्वास तुला माहीत आहे : लग्न पुरुषाचं आणि स्त्रीचं. तो बदललेला नाही. पण एक रात्र सांगते. एक म्हातारा पेशंट शेवटच्या घटका मोजत होता. त्याच्याजवळ दुसरा म्हातारा बसलेला. काडीला लावलेला ओला स्पंज घेऊन तो त्याचे ओठ भिजवत होता, मधेच खिशातल्या कंगव्यानं त्याचे केस सारखे करत होता. फॉर्म भरताना मी नातं विचारलं. "हजबंड," तो हळूच म्हणाला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, जणू आता थप्पड बसणार. मी ते लिहिलं आणि त्याला चहा आणून दिला. त्या नजरेची मला फार लाज वाटली. ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्या कुणीतरी आधी त्याला दुखावलं असणार, त्याशिवाय कुणी असं बघत नाही. अशा पेशंटच्या सेवेत विवेकबुद्धीचं कलम नाही, आणि नसावंच. २०१० चा समानता कायदा त्यालाही संरक्षण देतो आणि तुझ्या-माझ्या श्रद्धेलाही.

पेशंटपुढे आपण होऊन धर्माचा विषय काढू नकोस. ताकीद देऊनही बोलत राहिलेल्या एका नर्सची नोकरी गेली, आणि २०१९ मध्ये अपील कोर्टानंही तो निर्णय कायम ठेवला. पेशंटनं मागितली तर प्रार्थना कर, नाहीतर हॉस्पिटलचा चॅपलन, म्हणजे तिथला पाळक, बोलाव. गळ्यातल्या क्रूसावरून भांडू नकोस. साखळी पेशंटच्या हातात अडकू शकते, आणि त्याच कारणानं स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टात एक नर्स २०१३ मध्ये हरली.

लेकीच्या शाळेत नातेसंबंधांचा विषय सक्तीचा आहे, त्यातून मूल काढता येत नाही. लैंगिक शिक्षणातून काढून घ्यायची विनंती करता येते. माझा सल्ला विचारशील तर काढू नकोस. संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेनंतर तिला विचार, आज काय शिकलीस.

खरी अडचण वेगळीच आहे. इकडे तुला विरोध करायला कुणी येत नाही, कुणाला काही पडलेलंच नसतं. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवलं, २०२१ मध्ये ४६.२ टक्के. ३७.२ टक्के लोकांनी कुठलाच धर्म नाही असं लिहिलं. सोलापुरात रविवार चुकला तर अक्का विचारायच्या, "आज देवळात गेला नाहीत?" इकडे दहा रविवार चुकले तरी कुणी विचारणार नाही. पहिल्या हिवाळ्यात माझे तसेच चुकले, आणि एका रात्री प्रार्थनेला शब्दच सुचेनात. तेव्हा आल्या आल्या मंडळी, म्हणजे आपलं चर्च, शोध. आपली सोलापूरची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे मूळची काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते त्या पंथाची), १९७० मध्ये अँग्लिकन मंडळ्यांबरोबर उत्तर भारतीय चर्चमध्ये आलेली. त्यामुळे चर्च ऑफ इंग्लंडही आपलंच, आणि युनायटेड रिफॉर्म्ड चर्चही नात्यातलं. युनायटेड रिफॉर्म्डनं २०१६ पासून समलिंगी लग्न लावायचं की नाही हे ज्या त्या मंडळीवर सोडलंय. चर्च ऑफ इंग्लंड ते लग्न लावत नाही, पण २०२३ च्या डिसेंबरपासून अशा जोडप्यांसाठी प्रार्थनांना मोकळीक आहे. यावरून एकाच बाकावर बसणाऱ्यांत मतभेद आहेत. मी माझं मत सांगते, त्यांचं ऐकते, आणि प्रभुभोजनाला एकाच रांगेत उभी राहते.

पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र घे. 'उपासना संगीत' हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगा कधी कधी मागे राहतात. आणि मॅनेजरला मेल याच आठवड्यात पाठव. इंग्रजी करायला मी मदत करीन, मजकूर असा ठेव : "मी ख्रिस्ती आहे आणि १९६७ च्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार गर्भपाताच्या प्रत्यक्ष उपचारात मी भाग घेणार नाही. बाकी सगळं काम, कुठल्याही पेशंटचं, मी आनंदानं करीन."