लाळेच्या रिपोर्टसाठी गोळी थांबवू नका

"एपिजेनेटिक टेस्टसाठी लाळ दिलीये, रिपोर्ट येईपर्यंत भावाचं व्हॅलप्रोएट बंद ठेवलंय, चारच तास झोपतो पण एकदम फ्रेश आहे." तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य मी दोनदा वाचलं (व्हॅलप्रोएट म्हणजे मूड सावरणारं औषध, आणि एपिजेनेटिक टेस्ट म्हणजे जनुकांवरच्या रासायनिक खुणांची तपासणी). त्यातल्या 'फ्रेश'नेच पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी, उन्माद (मॅनिया) चढायच्या आधी, ताईबद्दल मी हाच शब्द वापरला होता.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस मला विचारू नका. भावाचा आणि ताईचा आजार एकच, बायपोलर: मूड कधी टोकाचा उसळतो, कधी खोल घसरतो. त्याबद्दल जास्त सांगत बसत नाही, तुम्ही ते एव्हाना कोळून प्यायला असाल.

आम्हाला नडलं ते एक समुपदेशन केंद्र. नाव लिहीत नाही. तिथून ताईच्या लाळेवरून चौदा पानी रंगीत रिपोर्ट आला. जनुकांची नावं, पुढे लाल-हिरवे ठिपके, शेवटी 'मिथिलेशन कमी' (मिथिलेशन म्हणजे डीएनएवर लागणाऱ्या, जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या मिथिल गटांच्या खुणा). ते वाढवायच्या गोळ्याही त्यांच्याकडूनच घ्यायच्या. "आपण मुळावर काम करू, मग ही केमिकल लागणारच नाहीत," असं तिथल्या बाई म्हणाल्या. ताईला आधी आजाराचे किती झटके येऊन गेलेत, झोप कशी आहे, एका शब्दानं विचारलं नाही. आणि आम्ही, शिकलेली माणसं, व्हॅलप्रोएट बंद करून मोकळे झालो. अकराव्या रात्री तीन वाजता ताई कपाटातले सगळे कपडे जमिनीवर रंगांप्रमाणे लावत बसली होती. मला उठवून म्हणाली, "बघ, आता सगळं जुळतंय." पुढचे पाच आठवडे वॉर्डात गेले. डॉक्टरांनी ती बाटली हातात घेऊन मागचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं: एस-ॲडेनोसिल मेथिओनिन, म्हणजे मिथिल गट पुरवणारं रसायन. बायपोलरमध्ये यानं उन्माद उसळू शकतो. केंद्राला फोन केला तर म्हणे, रिपोर्ट बरोबरच आहे!

असेलही बरोबर, पण लाळेपुरता. मिथिलेशन प्रत्येक प्रकारच्या पेशीत वेगळं असतं, आणि लाळेत असतात तोंडाच्या अस्तराच्या आणि पांढऱ्या पेशी. त्यावरून मेंदूत काय चाललंय ते ओळखून औषध ठरवता येत नाही. हे लोक ज्या संशोधनाचे दाखले देतात ते खोटं नाही. २००४ साली उंदरांवर दिसलं की आईनं कमी चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात ताणाशी संबंधित एका जनुकावर मिथिलेशन जास्त होतं. २००९ मध्ये बालपणी अत्याचार सोसून पुढे आत्महत्या केलेल्यांमध्ये तसंच काहीसं आढळलं. पण ते मेंदू मृत्यूनंतर तपासलेले होते, कुणी थुंकीवरून ताडलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे (तेव्हा हसू आलं नव्हतं) व्हॅलप्रोएट स्वतःच हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) ॲसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणजे तेही एपिजेनेटिक खुणांवरच काम करतं, हे २००१ पासून माहीत आहे. मूड त्यामुळेच सावरतो असं सिद्ध झालेलं नाही, पण 'मुळावर काम' म्हणून आम्ही बंद केलं ते नेमकं हे औषध.

सगळ्याच जनुकीय चाचण्या टाकाऊ आहेत असं मात्र नाही. कार्बामाझेपिन (मूड सावरणारं आणखी एक औषध) सुरू करण्याआधी एचएलए-बी १५:०२ हा जनुकाचा प्रकार तपासायला सांगितलं तर जरूर करा, त्वचेची जीवघेणी रिॲक्शन टळू शकते. आणि भावाचा संबंध नाही, पण हे वाचणाऱ्या मुलींसाठी: गरोदरपणात व्हॅलप्रोएट घेतलं तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग दिसतं. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला, परस्पर बंद करू नका.

राहिला तुमचा भाऊ. गोळ्या आपल्या मनानं पुन्हा सुरूही करू नका. त्याच्या सायकिअॅट्रिस्टना आजच फोन लावा, आणि 'रिपोर्टची वाट बघतोय' इथून सुरुवात करू नका. किती दिवस औषध बंद आहे आणि तो चार तास झोपतोय, हे आधी सांगा. मिथिलेशनवाली बाटली घरी आली असेल तर तीही सोबत न्या.